सूत्रधाराचा अधिकार आणि पडद्याआडचे दान : मेजावरील भूमिका-खेळातील नियम व समतोल यांची चिकित्सा

प्रास्ताविक :

आपल्याकडील विद्यापीठीय अभ्यासात खेळाचा विचार बहुधा शारीरिक शिक्षण किंवा बालमानसशास्त्र यांच्या कक्षेत होतो. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळ आणि संस्कृती यांचे नाते उलगडून दाखविले, त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे लोटली. न्यायालय, युद्ध, काव्य या गंभीर मानल्या गेलेल्या व्यवहारांतही खेळाचे तत्त्व कार्य करते, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्या प्रतिपादनाच्या उलट दिशेनेही एक प्रश्न विचारता येतो. खेळातही न्याय, अधिकार आणि विश्वास यांचे गंभीर प्रश्न उभे राहतात काय? प्रस्तुत लेखात 'रोल प्लेइंग गेम' या नावाने जगभर खेळल्या जाणाऱ्या एका खेळप्रकाराच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. मेजाभोवती चार-पाच माणसे बसतात. त्यांतील प्रत्येकजण एका काल्पनिक पात्राची भूमिका स्वीकारतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक व्यक्ती मात्र वेगळ्या जागी बसते. तिला 'गेम मास्टर' म्हणतात. काल्पनिक जगाचे वर्णन करणे, उरलेली सर्व पात्रे व राक्षस चालविणे आणि नियमांचा अर्थ लावणे ही तिन्ही कामे तिच्याकडे असतात. एखाद्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तेव्हा फासे टाकले जातात. या खेळात सहसा कोणी जिंकत नाही वा हरत नाही. एकत्र रचलेली कथा हेच त्याचे फलित असते.

प्रस्तुत लेखात 'गेम मास्टर' या संज्ञेसाठी 'सूत्रधार' हा शब्द योजला आहे. संस्कृत व मराठी नाट्यपरंपरेमुळे तो वाचकांस परिचित आहे. मात्र एक भेद लक्षात ठेवावयास हवा. नाटकातील सूत्रधारासमोर लिहिलेली संहिता असते आणि शेवट त्याला ठाऊक असतो. या खेळातील सूत्रधारासमोर नियम असतात, संहिता नसते. शेवट त्यालाही ठाऊक नसतो, निदान नसावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पाळली जाते, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रश्नाची मांडणी :

या खेळात वारंवार उद्भवणारा एक प्रसंग घेऊ. दोन तासांच्या खेळानंतर योद्ध्याच्या पात्राचे प्राण कंठाशी आले आहेत. राक्षसाचा घाव बसला तर पात्र मरणार. सूत्रधारासमोर पुठ्ठ्याचा एक छोटा पडदा असतो. त्याआड तो वीस पैलूंचा फासा टाकतो. दान पडते वीस, म्हणजे घाव निश्चित बसला. सूत्रधार क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "घाव चुकला." मेजाभोवती आनंदाचा कल्लोळ होतो.

येथे सूत्रधाराने दया दाखविली, की अन्याय केला? कोणाचेही नुकसान झालेले दिसत नाही. सर्वजण आनंदात आहेत. तरीही येथे काहीतरी हिरावून घेतले गेले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते नेमके काय, याचा शोध घेण्यासाठी प्रथम सूत्रधाराच्या अधिकाराचा उगम पाहावा लागेल.

पंचापासून सूत्रधारापर्यंत :

या अधिकाराचे मूळ प्रशियाच्या सैनिकी शिक्षणात सापडते. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील तरुण अधिकारी राइसविट्झ यांनी 'क्रीगश्पील' म्हणजे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांच्या वडिलांनी आरंभिलेल्या प्रयोगाचा हा विकास होता. नकाशावर दोन पक्षांच्या तुकड्या मांडल्या जात, हानीचा निर्णय फासे व तक्ते यांच्या साहाय्याने होई आणि दोन्ही पक्षांमध्ये एक पंच असे. सेनापतीला प्रत्यक्ष रणांगणावर जेवढे दिसले असते तेवढेच पंच त्याला सांगे. माहिती राखून ठेवणारा मध्यस्थ ही सूत्रधाराची पहिली ओळख येथे सिद्ध झाली.

राइसविट्झ यांचे नियम अचूक असले तरी जाचक होते. १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने वेगळा मार्ग सुचविला. तक्ते व फासे बाजूला ठेवावेत आणि अनुभवी पंचाने आपल्या विवेकाने निर्णय द्यावा, अशी ती 'मुक्त' पद्धती होती. अमेरिकी सैन्यातील अधिकारी चार्ल्स टॉटन यांच्या 'स्ट्रॅटेगोस' (१८८०) या ग्रंथानेही पंचाला मोठे अधिकार दिले. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांनी याच ग्रंथाचा आधार घेऊन आपले युद्धखेळ चालविले. त्यांच्या वर्तुळातील डेव्ह आर्नेसन यांनी 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक जग उभे केले. आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. तीन पातळ पुस्तिकांच्या या संचाच्या पहिल्या आवृत्तीच्या एक हजार प्रती काढण्यात आल्या होत्या. त्या पुस्तिकांत सूत्रधारासाठी 'रेफरी' हाच युद्धखेळातील शब्द होता. 'डन्जन मास्टर' हे नाव नंतर रूढ झाले.

या इतिहासातून एक महत्त्वाचा मुद्दा निष्पन्न होतो. व्हेर्डींच्या पंचाला तक्त्यांची गरज नव्हती, कारण त्याच्या निर्णयामागे खऱ्या युद्धाचा अनुभव होता. घोडदळाला चिखलातून जाण्यास किती वेळ लागतो, हे त्याने पाहिलेले होते. त्याचा निर्णय चुकला तर त्याच्याशी वाद घालण्यासाठी मेजाबाहेर एक वास्तव शिल्लक होते. ड्रॅगनच्या अग्निश्वासाचा अनुभव मात्र कोणत्याही सूत्रधाराला नाही. काल्पनिक जगात मेजाबाहेर पडताळून पाहण्यासारखे काही नसते. तेथे लिहिलेले नियम, आधी दिलेले निर्णय आणि सर्वांसमोर पडलेले दान एवढेच वास्तव असते. म्हणून सैनिकी पंचाने नियम बाजूला ठेवणे आणि काल्पनिक जगाच्या सूत्रधाराने ते बाजूला ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला नियमाकडून वास्तवाकडे जातो. दुसरा नियमाकडून केवळ स्वतःच्या इच्छेकडे जातो. युद्धखेळाकडून पंचाचा अधिकार तर घेतला गेला, पण त्या अधिकाराचा आधार मागेच राहिला.

गायगॅक्स यांच्या मार्गदर्शिकेतील अंतर्विरोध :

१९७४ च्या पुस्तिका अपुऱ्या होत्या. अनेक बाबींत वाचकाने स्वतःच निर्णय घ्यावा, असे लेखकांनीच सुचविले होते. परिणामी प्रत्येक मेजावर वेगळा खेळ होऊ लागला. दुसरीकडे स्पर्धा सुरू झाल्या. १९७५ साली बाल्टिमोर येथील 'ओरिजिन्स' संमेलनात 'टूम ऑफ हॉरर्स' हे गायगॅक्सरचित साहस स्पर्धेसाठी खेळविले गेले. १९७८ साली ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. अनेक गट, अनेक सूत्रधार आणि एकच मूल्यमापन अशी स्थिती आली की नियमांत एकवाक्यता अपरिहार्य ठरते. १९७७ ते १९७९ या काळात तीन ग्रंथांच्या रूपाने आलेल्या 'अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स' मागे ही निकड होती.

यांतील तिसरा ग्रंथ 'डन्जन मास्टर्स गाइड' (१९७९) सूत्रधाराच्या अधिकारासंबंधीचा मूलग्रंथ मानावयास हरकत नाही. त्यात तीन भूमिका एकत्र नांदतात. पहिली, सर्वत्र एकसारखे नियम असावेत. खेळाची ओळख टिकण्यासाठी ते आवश्यक आहे. दुसरी, सूत्रधार हा अंतिम निर्णायक असून नियमांच्या शब्दापेक्षा खेळाचा आशय श्रेष्ठ आहे. तिसरी, हा ग्रंथ सूत्रधारापुरता आहे. सामान्य खेळाडूने तो वाचू नये. घाव बसण्याचे तक्तेसुद्धा याच ग्रंथात होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे आपला घाव बसण्याची शक्यता किती, हे खेळाडूने जाणू नये, अशीच ही योजना होती.

फाशांविषयी गायगॅक्स यांचे विवेचन तर अधिकच बोलके आहे. सूत्रधाराला दान बाजूला सारण्याचा पूर्ण अधिकार आहे, असे ते म्हणतात. खेळाडूने सर्व काळजी घेऊनही केवळ दुर्दैवाने पात्र मरत असेल तर मृत्यूऐवजी बेशुद्धी किंवा अवयवहानी देता येईल. मात्र खेळाडूने मूर्खपणा केला असेल तर पडेल ते दान पडू द्यावे, असा त्यांचा सल्ला आहे. या सल्ल्यातील माणुसकी नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातून एक नवा नियम नकळत निर्माण होतो. काळजी कोणी घेतली आणि मूर्खपणा कोणी केला, हे ठरविणार कोण? अर्थातच सूत्रधार. म्हणजे फासा हा निःपक्ष निर्णायक राहत नाही. सूत्रधाराने खेळाडूच्या वर्तनाला दिलेल्या गुणांची तो केवळ अंमलबजावणी करतो. आणि हे गुणदान कोणत्या निकषांवर झाले, हे खेळाडूला कळण्याचा मार्ग नाही, कारण ग्रंथ त्याला निषिद्ध आहे.

समतोल म्हणजे काय आणि तो कोणाची जबाबदारी :

नियमांच्या प्रश्नाला समतोलाचा प्रश्न जोडलेला आहे. समतोल दोन प्रकारचा असतो. एक, पात्रे आणि संकटे यांच्यातील, दुसरा, पात्रापात्रांतील. पहिला बिघडला तर खेळ कंटाळवाणा किंवा जीवघेणा होतो. दुसरा बिघडला तर एखादा खेळाडू चार तास नुसता बसून राहतो. हे दुसरे नुकसान अधिक खरे म्हटले पाहिजे, कारण तेथे पात्राची नव्हे तर जिवंत माणसाची उपेक्षा होते.

'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या प्रकाशनसंस्थेने २००० साली काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीने पहिला समतोल अंकांत मांडण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक राक्षसाला आव्हानाचा एक अंक देण्यात आला. पाचव्या पातळीच्या चार पात्रांसमोर पाच अंकाचे आव्हान ठेवले तर त्यांची सुमारे २० टक्के साधनसामग्री खर्ची पडेल, असे हे गणित होते. सूत्रधाराच्या अंदाजाला मोजपट्टी मिळाली. परंतु दुसरा समतोल याच आवृत्तीत ढळला. वरच्या पातळ्यांवर मांत्रिक, धर्मगुरू आणि 'ड्रुइड' ही पात्रे मंत्रांच्या बळावर उडू लागली, क्षणात दूर जाऊ लागली. योद्ध्याच्या हाती मात्र तलवारच राहिली. ड्रुइडच्या सोबतीचा पशूसुद्धा बऱ्याच अंशी योद्ध्याची जागा भरून काढी. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सर्व पात्रांच्या शक्ती एकाच साच्यात बसविल्या. समतोल साधला, पण पात्रांचे वेगळेपण हरवले अशी टीका झाली. जुन्या चौकटीवर उभारलेल्या 'पाथफाइंडर' (२००९) या प्रतिस्पर्धी खेळाकडे खेळाडूंचा मोठा वर्ग वळला.

पाचव्या आवृत्तीचे (२०१४) उदाहरण सूत्रधाराच्या जबाबदारीच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. खेळातील एका दिवसात पात्रे मध्यम वा कठीण स्वरूपाच्या सहा ते आठ चकमकी पेलू शकतील, हे त्या आवृत्तीचे गृहीतक होते. मांत्रिकाचे बहुतेक मंत्र दिवसाला मोजकेच असतात, तर योद्ध्याची तलवार दिवसभर चालते. चकमकी सहा असतील तर मांत्रिकाला हात राखून वागावे लागते आणि दोघांचे पारडे सारखे राहते. पण कथेच्या ओघात सूत्रधाराने दिवसाला एकच मोठी चकमक ठेवली, तर मांत्रिक आपले सर्व बळ तेथेच ओततो आणि योद्धा निष्प्रभ ठरतो. येथे एकही नियम मोडलेला नाही. केवळ वेळापत्रक बदलले आणि समतोल गेला. नियमांचे पालन करूनही सूत्रधार अन्यायाला कारण होऊ शकतो, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शिकेत चकमकीची काठिण्यपातळी ठरविण्याची रीत सोपी करण्यात आली. शत्रूंच्या संख्येनुसार करावयाचा गुणाकार वगळण्यात आला आणि चारऐवजी तीनच श्रेणी ठेवण्यात आल्या. रचनाकारांनाही हे गणित पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा मांडावे लागले, हे येथे नोंदविले पाहिजे.

या संदर्भात एक युक्तिवाद नेहमी केला जातो. नियमांत दोष असला तरी बिघडत नाही, कारण चांगला सूत्रधार तो दुरुस्त करतोच. हा युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे. गळक्या छपराखाली भांडे ठेवता येते म्हणून छप्पर गळत नाही, असे म्हणता येत नाही. दुरुस्तीची शक्यता हा दोषाच्या अभावाचा पुरावा नव्हे. उलट दुरुस्ती करावी लागली, हाच दोषाचा पुरावा होय. शिवाय या युक्तिवादाने रचनाकाराची जबाबदारी त्याच्या खांद्यावरून अलगद सूत्रधाराच्या खांद्यावर जाते. सूत्रधार बहुधा हौशी असतो, अनेकदा नवखा असतो. ज्याने ग्रंथ विकत घेतला त्यालाच ग्रंथातील त्रुटींबद्दल उत्तरदायी धरणे न्याय्य नाही. समतोलाचे पहिले दायित्व रचनाकाराचे आहे. आपल्या मेजावरील माणसे ओळखून तो राखण्याचे दायित्व सूत्रधाराचे आहे. ही दोन दायित्वे एकमेकांत मिसळता कामा नयेत.

पडद्याआडचे दान :

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. २०१४ च्या मार्गदर्शिकेने पडद्याआड दान बदलण्याची मुभा दिली, तसेच ते फार वेळा करू नये आणि खेळाडूंना कळू देऊ नये, असाही सल्ला दिला. खेळाडूंना कळले तर खरा धोका नाही असे त्यांना वाटेल, हे त्यामागील कारण. या सल्ल्याचे तर्कशास्त्र विलक्षण आहे. धोका खरा नसतो हे मान्य करून तो खरा असल्याचा समज टिकविण्याची ही सूचना आहे. ज्या कृतीचे समर्थन केवळ ती गुप्त राहिल्यासच टिकते, त्या कृतीविषयी साशंक असणे योग्य ठरते.

या गुप्ततेने खेळाडूचे नेमके काय हिरावले जाते, ते एका साध्या हिशेबाने दाखविता येईल. पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार राक्षस वीस पैलूंचा फासा टाकतो, त्यात आपला अधिक्यांक मिळवतो आणि बेरीज पात्राच्या संरक्षणांकाइतकी किंवा जास्त झाली तर घाव बसतो. अधिक्यांक ५ आणि संरक्षणांक १५ असेल तर दहा किंवा त्याहून मोठे दान हवे. म्हणजे घाव बसण्याची शक्यता ५५ टक्के. खेळाडूने एक हात अडकवून ढाल घेतली तर संरक्षणांक १७ होतो आणि शक्यता ४५ टक्क्यांवर येते. या दहा टक्क्यांसाठी त्याने दोन्ही हातांनी पेलावयाच्या जड शस्त्राचा त्याग केलेला असतो. सूत्रधार जर घाव कधी बसावा आणि कधी चुकावा हे कथेच्या सोयीने ठरवीत असेल, तर ढाल घेणारा आणि न घेणारा सारखेच ठरतात. त्याग व्यर्थ गेला. खेळाडूने विचारपूर्वक केलेली निवड पुसली गेली आणि तिच्या जागी सूत्रधाराची निवड आली. हिरावले गेले ते पात्राचे प्राण नव्हेत, तर खेळाडूचे कर्तृत्व.

येथे प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव नोंदविणे अप्रस्तुत ठरणार नाही. काही वर्षांपूर्वी मोजक्या विद्यार्थ्यांसमवेत सुटीच्या दिवसांत हा खेळ खेळताना लेखकाने सूत्रधार या नात्याने एका विद्यार्थिनीच्या पात्राला वाचविण्यासाठी असेच दान फिरविले होते. पुढे गप्पांच्या ओघात ते बोलून गेले. तिने शांतपणे एवढेच विचारले, "सर, मग आधीची कोणती दाने खरी होती?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. एक दान बदलल्याने त्याआधीची सर्व दाने संशयित झाली होती. ज्या विजयांचा तिला अभिमान होता, ते तिचे होते की दिलेले होते, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता. समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांनी 'शेअर्ड फॅन्टसी' (१९८३) या अभ्यासग्रंथात अशा खेळांतील लबाडी सर्रास आढळते आणि ती मूकपणे खपवून घेतली जाते, असे नोंदविले आहे. मूक संमतीची किंमत कोण देतो, हे मात्र त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाने लेखकाला समजले.

अंतिम निर्णय आणि अचूक निर्णय :

सूत्रधाराचा निर्णय अंतिम आहे, तेव्हा तो चुकू शकतो असे म्हणण्यात अर्थ काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. या आक्षेपाचे उत्तर विधिशास्त्रात मिळते. एच. एल. ए. हार्ट यांनी 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' (१९६१) या ग्रंथात न्यायाधीशाच्या अधिकाराची चर्चा करताना खेळातील गुणलेखकाचे उदाहरण घेतले आहे. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो, त्याविरुद्ध दाद नसते. म्हणून 'गुणलेखक म्हणेल तोच गुण' असा नियम आहे, असे मानणे चूक होय. गुण कशाने मिळतो याचा नियम स्वतंत्र असतो; गुणलेखक तो लागू करतो आणि लागू करताना चुकू शकतो. अधूनमधून होणाऱ्या चुका सहन करूनही खेळ तोच राहतो. पण गुणलेखकाने नियमाकडे पाहणेच सोडून दिले, तर तो खेळ उरत नाही. त्याच्या लहरीचा एक वेगळाच खेळ सुरू होतो.

अंतिमता आणि अचूकता यांतील हा भेद सूत्रधाराला तंतोतंत लागू पडतो. मेजावर वाद लांबू नये म्हणून कोणाचा तरी शब्द शेवटचा असावा लागतो. त्यातून तो शब्द नियमाच्या वर आहे असे सिद्ध होत नाही. किंबहुना ज्याचा शब्द शेवटचा, त्याने नियमाला अधिक बांधून घ्यावे लागते, कारण त्याची चूक सुधारणारा दुसरा कोणी नसतो.

प्राध्यापकवर्गाला परिचित असलेले एक उदाहरण या ठिकाणी देता येईल. विद्यापीठाच्या परीक्षा-नियमांत ग्रेस गुणांची तरतूद असते. किती गुण, कोणत्या स्थितीत, हे आधीच जाहीर असते आणि ते पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला मिळतात. ही दयाच आहे, पण नियमात बसविलेली दया आहे. याउलट एखाद्या परीक्षकाने कळवळा येऊन एका उत्तरपत्रिकेचे गुण गुपचूप वाढविले, तर त्याचा हेतू चांगला असूनही आपण त्या कृतीला गैरप्रकारच म्हणतो. कोणाचेही गुण कमी केलेले नसले तरी इतर सर्वांच्या गुणांचा अर्थ तो बदलतो. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी उत्तीर्ण होतो. भेद आहे तो उघडपणाचा.

प्रतिपक्ष आणि पर्याय :

प्रतिपक्षाची बाजूही तोलामोलाची आहे. हा खेळ म्हणजे परीक्षा नव्हे. चार मित्रांनी आनंदासाठी घालविलेली संध्याकाळ आहे, आणि आनंद टिकविणे हेच सूत्रधाराचे काम आहे, असे अनेक अनुभवी सूत्रधार मानतात. शिवाय माणसाने बनविलेले नियम प्रत्येक प्रसंगाला पुरे पडणार नाहीत. सूत्रधाराचा विवेक काढून घेतला तर उरेल ते यंत्र. हे सर्व मान्य आहे. प्रश्न विवेक असावा की नसावा हा नसून तो कधी व कसा वापरावा हा आहे.

दान पडण्यापूर्वी सूत्रधाराचे स्वातंत्र्य जवळजवळ अमर्याद असते. शत्रू किती, ते शहाणे की भित्रे, पळून जाण्याची वाट आहे की नाही, पराभव म्हणजे मृत्यू की कैद, हे सर्व तो ठरवितो. समतोल राखण्याचे खरे स्थान हेच होय. किंबहुना फासा टाकावा की नाही, हेही तोच ठरवितो. मृत्यू नको असेल तर मृत्यूची शक्यता असलेला फासा टाकू नये. फासा टाकला याचा अर्थ निर्णय फाशावर सोपविला, असे वचन दिले. दान पडल्यानंतर वचन मोडणे आणि वर ते पाळल्याचा आव आणणे, हा विवेकाचा वापर नव्हे.

हा विचार केवळ आदर्शवादी नाही, याची साक्ष काही खेळांच्या रचनेत मिळते. जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांच्या 'आर्स मॅजिका' (१९८७) या खेळात मांत्रिक हे सामान्य शिपायांहून उघडपणे वरचढ असतात. असमतोल लपविलेला नाही. खेळाडूंनी आळीपाळीने मांत्रिक, सोबती आणि शिपाई यांच्या भूमिका कराव्यात आणि सूत्रधाराची जागाही वाटून घ्यावी, अशी योजना आहे. समतोल म्हणजे बळाची समानता नव्हे, तर प्रत्येकाला वाट्याला येणाऱ्या संधीची समानता, हे या खेळाने दाखवून दिले. व्हिन्सेंट बेकर व मेग्वे बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळात सूत्रधार फासेच टाकत नाही. त्याने काय करावयाचे, कोणत्या तत्त्वांना धरून बोलावयाचे, हे सर्व नियम म्हणून लिहिलेले आहे आणि ते पुस्तक खेळाडूंपासून लपविलेले नाही. १९७९ साली सूत्रधार नियमांच्या वर आणि पुस्तक कुलूपबंद होते. २०१० मध्ये सूत्रधार हा स्वतःच नियमांच्या अधीन असलेला एक खेळाडू झाला.

अर्थात सर्व भार सूत्रधारावर टाकणेही योग्य नाही. नियमांतील फट शोधून आपले एकच पात्र अजिंक्य करणारा खेळाडू समतोल तितकाच बिघडवितो. अशा वेळी सूत्रधाराने मुद्दाम मोठे राक्षस पाठवून त्या खेळाडूला शिक्षा करू नये, कारण शिक्षा इतरांनाही भोगावी लागते. खेळ थांबवून मेजावर चार शब्द बोलणे, हा साधा उपाय बहुधा पुरेसा असतो.

समारोप :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) सूत्रधाराचा अधिकार सैनिकी पंचाकडून आला, परंतु पंचाच्या विवेकामागे असलेले वास्तव काल्पनिक जगात नसल्याने तेथे नियमांचे महत्त्व कमी न होता वाढते.

२) नियमांच्या रचनेतील समतोलाची जबाबदारी रचनाकाराची आहे, सूत्रधाराच्या दुरुस्तीने ती संपुष्टात येत नाही.

३) मेजावरील समतोलाची जबाबदारी सूत्रधाराची आहे; ती पार पाडण्याचे योग्य स्थान दान पडण्यापूर्वी आहे, नंतर नव्हे.

४) नियम बदलता येतात, मात्र ते उघडपणे आणि सर्वांसाठी बदलले पाहिजेत. गुप्तपणे दाखविलेली दया खेळाडूचे कर्तृत्व हिरावून घेते.

५) सूत्रधाराचा निर्णय अंतिम असतो, तो अचूक असतोच असे नाही. हे भान सुटले की अधिकार लहरीत परिवर्तित होतो.

मेजाभोवतीच्या चार-पाच माणसांचा हा व्यवहार लहान आहे. पण ज्यांच्या हाती इतरांचे यशापयश ठरविण्याचे काम आहे, अशा सर्वांनाच तो काही सांगतो. प्रस्तुत लेखकाने त्या दिवसानंतर आपल्या समोरचा पडदा काढून टाकला. दाने आता सर्वांसमोर पडतात. पात्रे पूर्वीपेक्षा अधिक मरतात. आणि जी वाचतात, ती आपल्या बळावर वाचली याविषयी कोणाच्या मनात शंका राहत नाही.